रफूखात्यातली क्लोटिल

रफूखात्यातल्या बायका हॅट घालून कामावर यायच्या. सूतखात्यातल्या, मागांच्या साचेखात्यातल्या बायका डोक्याला रुमाल गुंडाळून घोळक्याने गेटातून आत शिरायच्या. रफूवाल्या मात्र हॅट, हातमोजे आणि कोपराला लटकवलेली पर्स अशा थाटात यायच्या, जणू गिरणीत नाही, कुणाच्या लग्नाला चालल्यात. गिरणीतल्या बायकांमध्ये त्यांचा पगार सगळ्यात जास्त, मान तर विचारूच नका. मागावरून उतरलेल्या कापडात कुठे धागा तुटलेला असतो, कुठे सुटलेला असतो. तो शोधायचा आणि सुईने असा भरायचा की विणणाऱ्यालाही जागा सापडू नये, हे त्यांचं काम. हडर्सफील्डचं लोकरी कापड जगभर जायचं ते या बायकांच्या बोटांखालून.

त्यांच्या टेबलांखालचा कचरा झाडायचं काम क्लोटिल बेदोकडे होतं.

मी एल्मा. त्याच गिरणीच्या कँटीनमध्ये मी ताटं वाढायचे. क्लोटिल आणि मी एकाच बेटावरच्या, कॅरियाकूच्या. नकाशावर ग्रेनाडा बेटाच्या वर माशी बसली तर झाकून जाईल एवढं आमचं बेट. पंचावन्न सालच्या चक्रीवादळाने तिथली घरं, होड्या, लिंबाच्या बागा उडवून नेल्या आणि पाठोपाठ माणसंही पांगली. क्लोटिलचा नवरा जोनास आधी इंग्लंडला आला, मग सत्तावन्नच्या वसंतात ती. मी आणखी वर्षाने पोचले. मी वीस वर्षांची, ती चौतीसची. मी तिला टँटी म्हणायचे. आमच्याकडे मावशीला टँटी म्हणतात, आणि परमुलखात रक्ताचं कोणी नसलं की हाक मारायला एक तरी मावशी लागतेच.

एका युक्रेनियन माणसाच्या घरात आम्ही भाड्याने राहायचो. पहिल्या मजल्यावर क्लोटिल-जोनासची खोली, तिला लागून माझी, आणि जिन्याच्या वळणावर पाच बिऱ्हाडांत मिळून एक शेगडी. त्या घराआधी क्लोटिलने अकरा दारं ठोठावली होती. अकरा ठिकाणी काळा चेहरा दिसताच खोली 'आत्ताच गेली' होती.

सुई तिच्या हातात आठव्या वर्षी आली. तिचे वडील होड्यांची शिडं शिवायचे. मोठी शिवण ते स्वतः घालायचे आणि फाटलेल्या जागा मुलीकडे द्यायचे. पुढे तिच्या धर्ममातेने तिला चर्चमधल्या वेदीवरची कापडं दुरुस्त करायला शिकवलं, ती इतकी तलम की श्वास जोरात सोडला तरी उडतील. हडर्सफील्डच्या नोकरी कचेरीत तिला विचारलं, "काय काम येतं?" ती म्हणाली, "शिवण आणि रफू." समोरच्या माणसाने मान डोलावली, काहीतरी लिहिलं आणि चिठ्ठी हातात दिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'झाडूकाम'.

"त्याला ऐकू कमी येत असेल," जोनास त्या दिवशी म्हणाला.

"ऐकू नीट येत होतं," क्लोटिल म्हणाली. "दिसत कमी होतं. मी दिसलेच नाही त्याला."

तिने झाडू घेतला. पण वर्षभरात ती त्या खात्याच्या मुख्य बाईंकडे, मिस बीव्हरकडे, दोनदा जाऊन आली. मिस बीव्हर उंच, किडकिडीत, मानेभोवती कायम इंची टेप. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "मिसेस बेदो, रफूला हलका हात लागतो. तुमच्या लोकांचे हात जड असतात. हा दोष नव्हे हो, देवाने घडवलंच तसं." दुसऱ्यांदा त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या मुलींना आवडणार नाही."

त्यांच्या 'मुलीं'मध्ये सगळ्यात थोरली होती नेली हिंचक्लिफ. वय साठीच्या आसपास, नवरा युद्धात गेलेला, खिडकीजवळच्या तिसऱ्या टेबलावर तिने तीस वर्षं काढलेली. एकसष्टच्या जानेवारीत एक दिवस क्लोटिल तिच्या टेबलाखाली झाडत होती. टेबलाच्या उतारावरून करड्या कापडाचा तागा खाली लोंबत होता. वाकलेल्या क्लोटिलच्या नाकासमोरच एक आडवा धागा वीतभर गायब. नेलीने ती जागा तपासून पुढे सरकवली होती.

"मिसेस हिंचक्लिफ," क्लोटिल हळूच म्हणाली, "इथे एक सुटलाय."

नेलीने वरूनच उत्तर दिलं, "तुझं काम खाली आहे ना? मग खालीच बघ."

दुसऱ्या दिवशी तो तागा तपासणीतून परत आला. त्याच जागेवर खडूची खूण. मिस बीव्हर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "नेली, महिन्यातली ही चौथी वेळ." नेलीचं तोंड कापडापेक्षा करडं पडलं. दोन दिवसांनी क्लोटिल झाडत तिसऱ्या टेबलापाशी आली, तेव्हा नेली ओठ न हलवता पुटपुटली, "काही दिसतंय का गं तुला?"

क्लोटिल उकिडवी बसली, कचरा गोळा करायच्या निमित्ताने कापड हातावर घेतलं. "दोन आहेत. एक उभा, एक आडवा."

"मला एकही दिसत नाही," नेली म्हणाली. "गडद रंग आला की सगळं तळ्यासारखं दिसतं. डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू. हे कळलं तर मला घरी बसवतील."

त्या दिवसापासून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत क्लोटिल तिसऱ्या टेबलावर बसायला लागली. रफूखातं तेव्हा रिकामं असायचं, कारण हॅटवाल्या सगळ्या कँटीनमध्ये. आणि कँटीनमध्ये कोण? मी! त्यांना धरून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. पुडिंग मी मुद्दाम उशिरा काढायचे. "कस्टर्ड अजून घट्ट व्हायचंय बाई, दोन मिनिटं." कोणी उठलीच तर, "मिसेस क्रॉथर, तुमच्यासाठी कडेचा तुकडा ठेवलाय, खरपूस." कडेच्या खरपूस तुकड्यासाठी ती बाई चर्चमधूनसुद्धा उठून आली असती. अगदीच थांबेनात, तर मी पातेल्यावर पळी दोनदा जोरात आपटायचे. तो आवाज जिन्यातून वर जायचा आणि क्लोटिल पुन्हा झाडू धरून उभी.

दहा महिने असे गेले. तिसऱ्या टेबलाचा एकही तागा परत आला नाही. मिस बीव्हर नेलीला म्हणाल्या, "तू तर पुन्हा तरुण झालीस." नेलीने खाली बघितलं. मला हे सगळं फार आवडत होतं, गंमतच वाटायची. जोनासला अजिबात आवडत नव्हतं. तो ओतकामाच्या कारखान्यात होता, हातांवर भाजल्याच्या खुणा आणि जिभेवर कायम चेष्टा. पण या गोष्टीवर त्याने कधी चेष्टा केली नाही.

"तू तिचे डोळे झालीस," तो म्हणायचा, "ती तुझं तोंड कधी होणार?"

"घाबरलेली म्हातारी आहे रे ती."

"आणि तू कोण? झाडू घेतलेली राणी?"

नोव्हेंबरात गिरणीच्या गेटावर पाटी लागली. रफूकाम येणाऱ्या बायका पाहिजेत. मोठी मागणी आली होती आणि दोन हॅटवाल्या लग्न होऊन गेल्या होत्या. क्लोटिल तिसऱ्यांदा मिस बीव्हरकडे गेली. त्या पाटीवरचेच शब्द घेऊन म्हणाल्या, "काम येणाऱ्या बायका, मिसेस बेदो. येणाऱ्या."

दुपारी क्लोटिल तिसऱ्या टेबलाजवळ उभी राहिली. बसली नाही. मी पाव घेऊन वर गेले होते, म्हणून मी हे माझ्या कानांनी ऐकलं.

"नेली, मला येतं की नाही येत?"

"तुझ्याइतकं या खात्यात कुणालाच येत नाही."

"मग हे त्यांना सांग."

नेलीने हातातला चिमटा टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. "मी सांगितलं तर पहिला प्रश्न काय येईल, क्लोटिल? तुला कसं माहीत? मग काय सांगू? मला पेन्शनीला दोन वर्षं राहिलीत."

"आणि मला आयुष्य राहिलंय."

"नको गं असं बोलू."

"असंच आहे, म्हणून असंच बोलणार. उद्यापासून मी खालीच बघेन. तू सांगितलं होतंस तसं."

क्लोटिल शब्दाची पक्की. आठवडाभर तिने तिसऱ्या टेबलाखाली फक्त झाडलं. नेलीचे दोन तागे परत आले. मी मध्ये पडायला गेले, "टँटी, बिचारीचं काम जाईल." तर माझ्यावरच कडाडली, "पोरी, बिचारी म्हणायला तुला तीच सापडली? रोज सकाळी या घरात एक बिचारी केस विंचरते, तिच्याकडे बघ."

आठव्या दिवशी सकाळी गिरणीचे व्यवस्थापक मिस्टर लॉकवुड अंगण ओलांडून कचेरीत चालले होते. थंडी मरणाची, अंगणात बर्फाचा चिखल. क्लोटिल झाडू हातात घेऊनच त्यांच्या वाटेत उभी राहिली. साचेखात्याच्या दारात बायका थबकल्या, मी कँटीनच्या खिडकीला नाक लावलं.

"साहेब, गेटावर पाटी आहे. मला रफू येतं."

"मिस बीव्हरना भेटा."

"तीनदा भेटले. त्या म्हणतात, आमचे हात जड. मी म्हणते, बघितल्याशिवाय कसं कळलं? तुम्ही कापड द्या. त्यात तुम्हीच दोष करा, हवे तेवढे, मला न सांगता. एकही राहिला तर मी पुन्हा तुमच्या वाटेत येणार नाही."

लॉकवुड साहेब विणकरापासून वर चढलेला माणूस. मागण्या तुंबल्या होत्या, हात कमी होते. त्यांनी टोपी मागे सारली. "एकही राहिला तर?"

"एकही."

"शुक्रवारी. सकाळच्या भोंग्याला," ते म्हणाले आणि चालू लागले. मग मागे वळले. "तो झाडू घरी ठेवून या."

तासाभरात सगळ्या गिरणीला कळलं. मिस बीव्हरनी कापड स्वतः निवडलं. नेव्ही ब्लू, सगळ्यात गडद निळं. अंधारात शाई सांडल्यासारखा तो रंग. हॅटवाल्यासुद्धा दुपारचा उजेड गेला की निळ्याला हात लावत नसत. बारा वार कापड घेतलं. तपासनीस होता हेग नावाचा माणूस, अबोल, चाळीस वर्षं कापड उजेडासमोर टांगून त्यातले दोष खडूने खुणावणारा. त्याने गुरुवारी संध्याकाळी एकट्याने बसून बारा ठिकाणी धागे ओढून काढले, जागा कागदावर लिहिल्या, कागद पाकिटात घालून लॉकवुड साहेबांकडे दिला.

शुक्रवारी क्लोटिलने ठेवणीतला पांढरा ॲप्रन बांधला. मिस बीव्हरनी कापड टेबलावर टाकलं आणि विचारलं, "रंग चालेल ना?"

"निळा ना?" क्लोटिल म्हणाली. "आम्ही समुद्राकाठचे लोक, बाई. निळं आम्हाला दिसतं."

सूतखात्याची एक बाई दाराआडून खुदकन हसली. ती बातमीदार म्हणून आली होती, दर अर्ध्या तासाने खाली जाऊन सांगायची. कँटीनमध्ये मी त्या दिवशी काय शिजवलं आणि कुणाला काय वाढलं, देवाला माहीत.

क्लोटिलने कापड डोळ्यांनी बघायला घेतलंच नाही. ते उलटं केलं, डोळे मिटले आणि दोन्ही तळवे त्यावरून सावकाश फिरवत नेले. हॅटवाल्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तळवा थांबला की ती डोळे उघडायची, तिथे पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घालायची आणि पुन्हा डोळे मिटायची. साडेदहापर्यंत बारा पांढरे टाके झाले. सूतखात्याची बाई धावत खाली आली, "बारा! बारा झाले!" कँटीनमध्ये कुणीतरी टेबलावर मूठ आपटली.

दोष बारा आहेत हे गिरणीभर फुटलं होतं, पण क्लोटिलला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. तिचे तळवे चालतच राहिले. पावणेअकराला तेरावा टाका पडला.

मिस बीव्हर हसल्या. "मिस्टर लॉकवुड, आता ही अंदाजाने टाके घालतेय. तुम्ही पाकीट उघडा आणि हे संपवा."

"कापड संपू दे," साहेब म्हणाले.

कापड संपलं तेव्हा पंधरा टाके होते. साहेबांनी पाकीट फोडलं. हेग कागद घेऊन टेबलापाशी आला, एकेक जागा मोजपट्टीने जुळवत गेला. बाराच्या बारा बरोबर. राहिले तीन. त्याने खिशातून भिंग काढलं, पहिल्या जास्तीच्या टाक्यावर वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. उठला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"काय?" लॉकवुड साहेब म्हणाले.

"धागे तुटलेत. तिन्ही ठिकाणी. मागावरच तुटलेले."

"तुम्ही काल तपासलं नाहीत?"

"तपासलं," हेग म्हणाला. "मला सापडले नाहीत."

त्याने भिंग पुसून खिशात ठेवलं. मग मिस बीव्हरचा आवाज आला, आणि पहिल्यांदाच तो चढलेला होता. "शोधणं निराळं, भरणं निराळं. आणि झाडूवाल्या बाईला हे येतंच कसं? शिकली कुठे? कुणीतरी आतून हिला जागा सांगितल्यात."

"तीन जागा तर हेगलाच माहीत नव्हत्या," साहेब म्हणाले.

"तरीही! दहा वर्षं टेबलावर बसल्याशिवाय असा हात येत नाही."

"दहा महिने," कुणीतरी म्हणालं.

नेली उभी राहिली होती. तिने चष्मा काढून हातात धरला होता. "दहा महिने बसलीय ती. माझ्या टेबलावर, जेवणाच्या सुट्टीत. माझे डोळे गेलेत, मिस बीव्हर. फेब्रुवारीपासून या टेबलावरून जे गेलं आणि ज्याबद्दल तुम्ही मला शाबासकी दिलीत, त्यातलं निम्मं काम हिचं. मागच्या आठवड्यात दोन तागे परत आले ना? ते तेवढे माझे."

एवढं बोलून ती बसली नाही. तशीच उभी राहिली, शाळेत उभं केलेल्या मुलीसारखी. नंतर मी तिला विचारलं होतं, की एवढं धाडस आलं कुठून. ती म्हणाली, "ती डोळे मिटून शोधत होती गं. मी तीस वर्षं डोळे उघडे ठेवून घाबरत होते. मला लाज वाटली."

लॉकवुड साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग क्लोटिलकडे. "भरायला सुरुवात करा, मिसेस बेदो. उजेड चाललाय."

नोव्हेंबरातला उजेड तो, साडेतीनलाच मावळायला टेकतो. क्लोटिल जेवली नाही. मी पाव आणि मासळीचा तुकडा वर पाठवला तो तसाच परत आला. तीन वाजून दहा मिनिटांनी तिने सुई ॲप्रनच्या पट्टीत खोवली आणि म्हणाली, "झालं." हेगने कापड खिडकीसमोरच्या दांडीवर टांगलं, खडू हातात घेतला आणि इंचाइंचाने खाली ओढायला लागला. हात खडूसकट कापडाजवळ जायचा, थांबायचा, मागे यायचा. बारा वार कापड खाली उतरलं. त्याने खडू खिशात टाकला.

"बारीक तरी काही?" मिस बीव्हरनी विचारलं.

हेग अबोल माणूस. त्याने क्लोटिलसमोर आपली कापडी टोपी काढली आणि एवढंच म्हणाला, "माझ्या सूटचं कापड तुम्हीच बघा, बाई."

लॉकवुड साहेब म्हणाले, "सोमवारपासून तिसरं टेबल तुमचं."

माझी मावशी त्या दिवशी जिंकली ती खरं तर इथे. ती म्हणाली, "नाही साहेब. तिसरं टेबल नेलीचं आहे. मला माझं द्या. पाटीवर तुम्ही 'बायका' लिहिलंय, एक बाई नाही. दोन जागा रिकाम्या आहेत. नेलीला गाठी काढायचं काम द्या. गाठी बोटांना कळतात, त्याला डोळे लागत नाहीत. तिची बोटं अजून चांगली आहेत."

"तुम्ही मला अटी घालताय?"

"तुम्हाला कापड पाठवायचंय ना?"

साहेब हसले. मला सूतखात्याच्या बाईने शपथेवर सांगितलं, ते खरोखर हसले. आणि दोन्ही गोष्टी मान्य केल्या.

भोंगा झाला तेव्हा अंगणात ही गर्दी! सूतखात्यातल्या, साचेखात्यातल्या बायका, रंगखात्यातले पंजाबी, आमच्या बेटांवरचे दोन-चार जण, सगळे थांबलेले. क्लोटिल जिना उतरून आली तशी रुमालवाल्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या गोऱ्या बायकांना हॅटवाल्यांचा तोरा आमच्यापेक्षा जास्त वर्षं सलत होता, हे मला त्या दिवशी कळलं. कुणीतरी ओरडलं, "पंधरा!" आणि गेटापर्यंत तोच गजर चालला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळपासून जिन्याच्या वळणावरची शेगडी आमची. मक्याच्या पिठाचं घट्ट कूकू, वाटाण्याचं सूप, खारी मासळी. जोनासने रमच्या पिंपाचे बनवलेले ढोल काढले, आमच्या बेटावर होडी पाण्यात सोडताना वाजवतात तसे, आणि भर दुपारी त्या घरात नाच सुरू झाला. मध्येच दार ठोठावलं. दारात आमचा युक्रेनियन घरमालक. ढोल थांबले. तो म्हणाला, "मला कुणी का नाही बोलावलं?" आणि कोटाच्या आतून बाटली काढली. जोनास तर बायकोला सोडेचना. "उद्या तुला हॅट घेतो. लाल! पीस लावलेली!"

"मला कोंबडा करायचाय का तुला?" क्लोटिल म्हणाली. "मी रुमालच बांधणार. बघू दे त्यांना, रुमालाखालीही डोकं असतं."

सोमवारी ती रुमाल बांधून टेबलावर बसली. म्हणून सगळं लगेच गोड झालं असं नाही. हॅटवाल्यांपैकी दोघी त्याच आठवड्यात सोडून गेल्या. बाकीच्यांनी तिच्या शेजारचं टेबल रिकामं ठेवलं आणि त्यांच्या किटलीतला चहा तिला मिळेना. तिने तक्रार केली नाही. स्वतःची किटली आणली, नवी, विजेची. त्यांची गॅसवरची जुनी किटली तापायला वीस मिनिटं घ्यायची, हिची चार. फेब्रुवारीच्या थंडीत एक दिवस मिसेस क्रॉथर कप घेऊन आली, "मिसेस बेदो, तुमच्यात जरा जास्तीचं पाणी..." क्लोटिलने कप भरून दिला. महिन्याभरात जुनी किटली माळ्यावर गेली. शेजारचं टेबलही भरलं. मिस बीव्हर मात्र शेवटपर्यंत बदलल्या नाहीत. क्लोटिलशी त्या फक्त कापडाबद्दल बोलायच्या. पण निळा तागा आला की न सांगता तिच्याच टेबलावर ठेवायच्या.

आपलं टेबल मिळालं म्हणून क्लोटिल गप्प बसली नाही. जोनासने खोलीत फळ्या ठोकून उताराचं एक टेबल बनवलं, अगदी गिरणीतल्यासारखं, आणि रविवारी चर्चनंतर आमची शिकवणी सुरू झाली. मी, सेंट व्हिन्सेंटची एक, जमेकाच्या दोघी, पुढे रंगखात्यातल्या एका पंजाबी माणसाची बायको गुरमीत. आणि गाठी कशा शोधायच्या हे शिकवायला कोण यायचं? नेली! मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जाड भिंगांचा चष्मा लावलेली नेली कूकू खायची, नाक मुरडायची आणि पुन्हा वाढून घ्यायची. क्लोटिल शिकवताना भयंकर. डोळ्यांवर पट्टी बांधायची, चूक झाली की बोटांवर टिचकी. "एल्मा, तुझी बोटं झोपलीत काय? उठव त्यांना!" मी रडायचे. चौसष्ट साली मी कँटीनचा ॲप्रन सोडला आणि रफूखात्यात बसले. पाच वर्षांत आम्ही सहाजणी झालो. सत्तर साली मिस बीव्हर निवृत्त झाल्या आणि कचेरीतून हुकूम आला. रफूखात्याची मुख्य बाई, मिसेस क्लोटिल बेदो. इंची टेप मानेभोवती घालायला तिने ठाम नकार दिला. म्हणाली, मला फास लागल्यासारखं होतं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ती सतरा वर्षांनी कॅरियाकूला गेली. जोनास, ती आणि बरोबर मी. गिरणीने तिला एक कोटाचं कापड भेट दिलं होतं, तिने स्वतः भरलेलं. तो लोकरी कोट घालूनच ती धक्क्यावर उतरली. वर सूर्य आग ओकतोय, जोनास मागून म्हणतोय, "अगं काढ, भाजशील!" ही ऐकते कुठली! धक्क्यावर सगळं गाव जमलेलं. तिच्या बरोबरीच्या बायका तिला गराडा घालून उभ्या राहिल्या. एकीने कोटाची बाही धरली.

"क्लोटिल, हे तू विणलंस?"

"विणलं दुसऱ्यांनी. यात सात ठिकाणी धागा तुटला होता, तो मी भरला. शोधा."

शिडं आणि जाळी शिवून बोटांना घट्टे पडलेल्या त्या बायका. त्यांनी कोट तिच्या अंगावरून उतरवलाच, उन्हात धरला, उलटा केला, आळीपाळीने तळवे फिरवले. एकीने दाताने ओढून पाहिलं. भांडणं झाली, इथेच आहे, नाही तिथे आहे. क्लोटिल घामाने निथळत, कमरेवर हात ठेवून उभी होती आणि प्रत्येक वेळी मान हलवत होती. बोटीवरचं सगळं सामान उतरून झालं, टपालाच्या पिशव्या गेल्या, तरी त्या बायका कोटावरून उठल्या नाहीत. सातातली एकही जागा कुणाला सापडली नाही.